कापसाच्या शेतातील संख्याशास्त्र : अकोला जिल्ह्यातील पाहणी आणि डॉ. वि. गो. पानसे यांच्या संशोधनाचा प्रभाव

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले, तेव्हापासून संशोधनाचा प्रभाव कसा मोजावा हा प्रश्न महाविद्यालयांतून सतत चर्चिला जात आहे. उद्धरणांची संख्या हे त्याचे सर्वांत सोयीचे उत्तर होय. परंतु जे संशोधन कार्यपद्धतीत उतरते, ते पुढे फारसे उद्धृत होत नाही. त्याचा अवलंब करणाऱ्याला त्याच्या कर्त्याचे नाव ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. डॉ. विनायक गोविंद पानसे यांच्या कापूस-पाहणीच्या कार्याबाबत नेमके असेच घडले आहे. या कार्याचा आरंभ अकोला जिल्ह्यात झालेला असल्याने प्रस्तुत निबंधात त्याचा विचार केला आहे.

ब्रिटिश अमदानीत पिकाचा अंदाज तीन आकड्यांच्या गुणाकारातून निघत असे : लागवडीचे क्षेत्र, एकरी सर्वसाधारण उत्पादन आणि आणेवारी. पैकी क्षेत्राचा आकडा महसुली दप्तरामुळे बराच विश्वसनीय होता. आणेवारी मात्र गावकामगारांच्या नजरेवर अवलंबून असे आणि ही नजर सहसा कमीकडे झुकलेली राही. कापसाच्या बाबतीत हा दोष झाकून राहणे शक्य नव्हते. गिरण्यांचा खप आणि निर्यात यांचे आकडे मागाहून हाती येत आणि सरकारी अंदाजाशी त्यांचा मेळ बसत नसे. १९२१ साली स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीला या विसंगतीची दखल घेणे भाग होते.

इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत कापसाच्या पैदाशीवर काम करणारे पानसे आणि रॉथमस्टेड येथे क्षेत्रप्रयोगांच्या तंत्राचा अभ्यास करून आलेले, मध्य प्रांताच्या कृषी खात्यातील डॉ. रा. जे. कळमकर यांनी १९४२-४३ च्या हंगामात अकोला जिल्ह्यात कापसाची यादृच्छिक नमुना पाहणी केली. तिच्यावरील त्यांचा लेख १९४४ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. गाव, शेत आणि शेतातील तुकडा या तिन्हींची निवड यादृच्छिक अंकांनी करावयाची आणि तुकड्यातील पीक प्रत्यक्ष वेचून तोलावयाचे, अशी ही पद्धत होती. धान्याचे पीक एका दिवसात कापून होते. कापसाच्या वेचण्या मात्र कित्येक आठवडे चालतात. आखलेला तुकडा तोवर जसाच्या तसा राखणे आणि प्रत्येक वेचणीचा तोल त्याच्याच नावे नोंदवणे आवश्यक असते. वऱ्हाडातील शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. तथापि संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या अडचणीला फारसे स्थान नाही.

तुकडा केवढा असावा, हा खरा वादाचा मुद्दा ठरला. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील पाहण्यांत लहान तुकड्यांचा अवलंब केला होता. लहान तुकडे थोड्या श्रमात पुष्कळ घेता येतात आणि त्यामुळे नमुन्याची चूक घटते. यावर डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६ साली 'नेचर'मध्ये आक्षेप घेतला. मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या पाहणीत ३३ फूट बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या तुलनेत २ फूट त्रिज्येच्या वर्तुळातून निघालेले उत्पादन ४० टक्क्यांहून अधिक फुगलेले आढळले होते. कारण भूमितीत आहे. अशा वर्तुळाचा परीघ सुमारे १२.६ फूट आणि क्षेत्रफळही सुमारे १२.६ चौरस फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट सीमा येते. त्रिकोणात ९९ फूट सीमेमागे सुमारे ४७१ चौरस फूट जागा असल्याने हे प्रमाण ०.२१ एवढेच राहते. सीमेवरचे झाड आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की हात ते आत ओढतो. पानसे यांनीही त्याच साली कापसाच्या पाहणीतील तुकड्याच्या आकारावर स्वतंत्र टिपण लिहिले. कसून शिकविलेले अन्वेषक असल्यास ही चूक टाळता येते, हे महालनोबिस यांचे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र कृषी आणि महसूल खात्यांच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यावयाचे, तर मोठा तुकडाच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'रोबस्ट' हा शब्द संख्याशास्त्रात जी. ई. पी. बॉक्स यांनी १९५३ साली रूढ केला आणि पीटर ह्यूबर यांच्या १९६४ च्या निबंधाने त्या विचाराला सैद्धांतिक बैठक दिली. गृहीतके थोडी ढळली तरी निष्कर्ष कोसळू नयेत, हा त्याचा आशय. पानसे-सुखात्मे यांची गणना या शाखेत कोणी करीत नाही, पण त्यांच्यापुढील प्रश्न याच जातीचा होता. चार-दोन निरीक्षणे बिघडलेली असतील तर सरासरीऐवजी मध्यक वापरून निभावते. प्रत्येक तुकड्याचे वजन एकाच दिशेने फुगलेले असेल तर मध्यकही तेवढाच सरकतो आणि नमुन्याची संख्या कितीही वाढविली तरी ती अभिनती कमी होत नाही. अशा वेळी भक्कमपणा सूत्रात शोधून मिळत नाही. तो तुकडा आखतानाच साधावा लागतो.

पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. पानसे दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. दोघांचे 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अॅग्रिकल्चरल वर्कर्स' (१९५४) हे पुस्तक कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांतून हजारो वेळा उद्धृत झालेले आहे. अकोल्याच्या पाहणीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

आणेवारीची आज पैसेवारी झाली असून टंचाईच्या चर्चेत ती अजून ऐकू येते. पीक विम्याची भरपाई मात्र पीक कापणी प्रयोगांशी जोडली गेली आहे. विमा वैयक्तिक शेताऐवजी क्षेत्राच्या सरासरीवर आधारावा, असे प्रतिपादन वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली केले होते. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना याच तत्त्वावर उभ्या राहिल्या. उंबरठा उत्पन्न ठरविताना मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांची सरासरी घेतली जाते. खालची दोन वर्षे गाळणारी ही एकतर्फी छाटलेली सरासरी आहे आणि ती शेतकऱ्याच्या बाजूने झुकते. चालू हंगामाच्या आकड्याला असे कोणतेही संरक्षण नाही. मंडळात मोजक्याच तुकड्यांवरून हजारो खातेदारांची भरपाई ठरते आणि तुकड्याच्या सीमेवरील झाडे आत धरल्याने उत्पादन दहा टक्क्यांनी फुगले, तर नुकसान झालेले मंडळही उंबरठ्याच्या वर जाऊ शकते. तुकडा कोणी आखला, सीमेवरचे झाड कोठे धरले, सर्व वेचण्यांची बेरीज झाली का, हे प्रश्न अमरावती-अकोल्यातील विमाधारकांनी आज विचारले, तर ते १९४२ च्या पाहणीतीलच प्रश्न असतील.