निसर्गाचे तोतये

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. धर्मशिक्षणाच्या वर्गाला त्या रविवारी मुले थोडीच जमली होती. पाठ बाजूला ठेवून मी त्यांना एका लांडग्याची हकीकत सांगितली. सेमिनरीत असताना ग्रंथालयातील एका जीर्ण इंग्रजी पुस्तकात ती मी वाचली होती आणि तेव्हापासून ती मनातून गेलेली नाही. गोष्ट संपली. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, "फादर, हे खरंच झालं होतं का?" मी म्हणालो, "हो, झालं होतं." तिचे समाधान झाले नाही. "मग त्या लांडग्याच्या मनात काय होतं, ते कुणी सांगितलं?"

त्या दिवशी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठ्या हिरीरीने विचारला गेला होता, आणि त्याच्या वादात लेखक, शास्त्रज्ञ, एक धर्मोपदेशक आणि खुद्द राष्ट्राध्यक्षही उतरले होते. त्या वादाचा इतिहास वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बोलणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रातील कोल्हे राजकारण करतात, जातकांतील माकडे त्याग करतात, इसापाचा कासव शर्यत जिंकतो. परंतु या कथांचा श्रोत्यांशी एक अलिखित करार असतो. करटक आणि दमनक खरोखरीचे कोल्हे आहेत असे विष्णुशर्म्याने कधी म्हटले नाही आणि कोणी तसे मानलेही नाही. तेथे प्राण्याचे कातडे पांघरून माणूसच बोलतो. या प्रकाराला आपण दृष्टान्त म्हणतो. दृष्टान्ताचे सत्य त्याच्या अर्थात असते. ती घटना घडली की नाही हे तेथे कोणी पाहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा करार बदलू लागला. १८७१ साली डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि माणसाचे मन व पशूचे मन यांत फरक आहे तो प्रमाणाचा, जातीचा नव्हे, असे प्रतिपादन केले. १८७७ साली अ‍ॅना स्यूएल या इंग्रज लेखिकेची 'ब्लॅक ब्यूटी' ही कादंबरी आली. तिच्यात घोडा स्वतःच आपली जीवनकथा सांगतो. तो घोडा मात्र माणसाळलेला होता आणि त्याचे सुखदुःख धन्याच्या स्वभावावर अवलंबून होते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचे 'जंगल बुक' १८९४ साली निघाले, पण त्यातील लांडग्यांनाही कायदेकानू होते, सभा होत्या. दृष्टान्ताशी त्यांचे नाते तुटले नव्हते. रानातील पशू जसा जगतो तसाच, त्याच्या डोळ्यांनी आणि त्याच्या नाकाने, सांगण्याचा प्रयत्न व्हायचा होता. तो झाला उत्तर अमेरिकेत. तेथे एका पिढीच्या अवधीत रेल्वे व बंदुकीने अफाट माळराने पालथी घातली होती आणि लाखोंनी चरणारे बायसन नामशेष होण्याच्या बेतात होते. रान हातचे चालले तेव्हा शहरवासीयांना त्याची ओढ लागली.

अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांचा जन्म १८६० साली इंग्लंडमध्ये झाला आणि बालपण कॅनडात गेले. ते चित्रकार होते, निसर्गनिरीक्षक होते आणि शिकारीही होते. १८९३ साली न्यू मेक्सिकोतील करंपॉ खोऱ्यात गुरे मारणाऱ्या लांडग्यांचा बंदोबस्त करण्यासाठी ते गेले. तेथील कळपाचा म्होरक्या 'लोबो' या नावाने ओळखला जाई. सीटन यांनी विष पेरले, सापळे लावले. लोबोने ते सारे हुडकून निकामी केले. अखेर त्याची जोडीदार 'ब्लँका' सापळ्यात सापडली आणि मारली गेली. तिच्या शोधात लोबो हाका देत भटकू लागला. सीटन यांनी तिचेच शव ओढून वासाचा माग तयार केला आणि त्या मागावर सापळे मांडले. ३१ जानेवारी १८९४ रोजी लोबो सापडला. त्याला जिवंत आणून साखळीने बांधले, पुढे अन्नपाणी ठेवले. त्याने त्याला तोंड लावले नाही. रात्र सरली तेव्हा तो मेलेला होता.

त्याच वर्षी ही हकीकत 'स्क्रिब्नर्स' मासिकात छापून आली. १८९८ साली ती 'मला माहीत असलेले वन्य पशू' अशा अर्थाच्या नावाच्या संग्रहात पहिली कथा म्हणून समाविष्ट झाली. पुस्तक विलक्षण खपले. लोबोच्या कथेत निवेदक बाहेर उभा आहे आणि आपल्या हातून काय घडले ते सांगतो आहे. इतर कथांत तो हळूच प्राण्याच्या आत शिरतो. एक सशीण आपल्या पिलाला गोठून बसण्याचे महत्त्व शिकवते. साखळीला बांधलेल्या आपल्या पिलाला सोडवता येत नाही असे दिसल्यावर एक कोल्हीण त्याला विषारी घास आणून देते. १९०० साली आलेल्या 'वाब' नावाच्या अस्वलाच्या चरित्रात तर सारे जग वासांतून उलगडते. शेवटी एक लहान अस्वल उंचवट्यावर चढून झाडाला अंग घासते, आणि म्हाताऱ्या वाबला वाटते की आपल्याहून थोर कोणी या मुलखात आला आहे. वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

सीटन यांनी प्रस्तावनेत मात्र बजावून सांगितले होते की या कथा खऱ्या आहेत. सारा वाद या एका विधानातून उपजला. दृष्टान्त सांगणाऱ्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाऊल ठेवले होते.

याच सुमारास चार्ल्स जी. डी. रॉबर्ट्स हे कॅनडातील कवीही प्राणिकथा लिहीत होते. ते एका अँग्लिकन धर्मगुरूंचे चिरंजीव. १९०२ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहाच्या आरंभी या नव्या कथाप्रकाराची मीमांसा आहे. निसर्गशास्त्राच्या चौकटीवर उभारलेली मानसशास्त्रीय कथा, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यात कल्पनेचा वाटा त्यांनी लपवला नाही.

मार्च १९०३ मध्ये 'अटलांटिक मन्थली'त जॉन बरोज यांचा लेख आला आणि ठिणगी पडली. बरोज तेव्हा पासष्ट वर्षांचे, अमेरिकेतील निसर्गलेखकांचे पितामह. पांढरी दाढी, हडसन नदीकाठी शेती, आणि आयुष्यभराचे संथ निरीक्षण. खरा निसर्गेतिहास आणि नकली निसर्गेतिहास असा भेद करून त्यांनी सीटन यांच्यावर प्रहार केला. हे पशू सीटन यांना तेवढे माहीत आहेत, इतर कोणाला नाहीत, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. शिकारी कुत्र्यांना चुकवण्यासाठी मेंढीच्या पाठीवर बसून जाणारा कोल्हा आपण रानावनांत उभ्या जन्मात पाहिला नाही, असे ते म्हणाले. कादंबरी म्हणून लिहा, आमची हरकत नाही. पण ती सत्य म्हणून विकू नका, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

त्यांचा सर्वांत कठोर वार मात्र विल्यम जे. लाँग यांच्यावर होता. लाँग हे कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड येथे काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक होते. प्राणी आपल्या पिलांना रीतसर शिक्षण देतात, रान ही एक शाळाच आहे, असे ते लिहीत. त्यांची पुस्तके अमेरिकेतील शाळांतून वाचली जात. त्यांनी मागे न हटता उत्तर दिले. एवढेच नव्हे, तर त्याच वर्षी आणखी एक अद्भुत प्रसंग प्रसिद्ध केला. वुडकॉक नावाच्या लांब चोचीच्या पक्ष्याचा पाय मोडला होता. त्याने पाण्याकाठची माती चोचीने उचलून पायावर लिंपली, गवताचे तंतू मिसळले, आणि ते प्लास्टर वाळेपर्यंत तो एका पायावर स्तब्ध उभा राहिला! हे आपण स्वतः पाहिले, असे लाँग यांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञ खवळले. लाँग यांनी इतरांच्या साक्षी गोळा केल्या. पुढे त्यांच्या कथेतील लांडग्याने हरणासारख्या कॅरिबूला छातीत एकच चावा घेऊन, थेट हृदयावर घाव घालून मारले, तेव्हाही टीका झाली आणि तेव्हाही त्यांनी शपथपत्रे पुढे केली.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः नामांकित शिकारी व निसर्गनिरीक्षक, आणि बरोज यांचे स्नेही. १९०३ च्या एप्रिलमध्ये दोघे यलोस्टोन उद्यानात एकत्र फिरले होते. चार वर्षे रूझवेल्ट जाहीरपणे बोलले नाहीत. जून १९०७ मध्ये 'एव्हरीबडीज मॅगझिन'मध्ये त्यांची मुलाखत आली आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा स्वतःचा लेख. 'नेचर फेकर्स', म्हणजे निसर्गाचे तोतये, हा शब्द तेथून सर्वतोमुखी झाला. गंमत अशी की जूनच्या मथळ्यात तो आपल्या 'फकीर' शब्दासारखा लिहिला होता. सप्टेंबरात स्पेलिंग बदलले आणि फकिरांची सुटका झाली. मुलांच्या क्रमिक वाचनात असत्य घुसवले जात आहे, हा रूझवेल्ट यांचा मुख्य आक्षेप होता. लाँग यांनी उलट विचारले, ज्याने बंदुकीच्या नळीवरूनच प्राणी पाहिले त्याला त्यांचे अंतरंग कसे कळावे? हा प्रश्न अन्यायाचा असेल, पण निरर्थक खचित नव्हता.

या तोफेच्या माऱ्यात जॅक लंडन हेही सापडले. त्यांच्या 'व्हाइट फँग' कादंबरीतील कुत्र्यांच्या झुंजीवर रूझवेल्ट यांनी बोट ठेवले होते. सप्टेंबर १९०८ मध्ये 'कॉलियर्स' साप्ताहिकातून लंडन यांनी उत्तर दिले. माझे कुत्रे माणसासारखा विचार करीत नाहीत, हे मी कथेचा वेग अडवूनही जागोजाग सांगत आलो, असे त्यांनी निदर्शनास आणले. आणि मग प्रतिप्रश्न केला: उत्क्रांती मान्य करायची आणि बुद्धीचा अंशही पशूला नाकारायचा, हे कसे? माणसाने आपल्या नातलगांना ओळख न देणे हा अहंकार आहे, असा त्यांचा आशय होता.

वाद शमला. त्याचे फळ काय? सीटन यांनी टीकेला वर्तमानपत्रांतून उत्तर देण्याऐवजी वर्षानुवर्षांची टिपणे उघडली. १९०९ साली उत्तरेकडील प्राण्यांच्या जीवनेतिहासाचे त्यांचे दोन खंड निघाले आणि १९२५ ते १९२८ या काळात त्याहून मोठा ग्रंथ. त्या ग्रंथाबद्दल त्यांना मिळालेले पदक कोणाच्या नावाचे होते? जॉन बरोज यांच्या! लाँग लिहीत राहिले, परंतु पूर्वीची पत त्यांना परत मिळाली नाही.

त्यांच्या बाबतीत इतिहासाने अर्धा न्याय केला आहे, असे मला वाटते. मोडक्या पायाला प्लास्टर करणारा पक्षी शास्त्राने स्वीकारलेला नाही. परंतु प्राणी पिलांना शिकवतात हे त्यांचे हास्यास्पद ठरलेले मत साफ खोटे नव्हते. आफ्रिकेतील कलहारी वाळवंटात मीरकॅट नावाचे मुंगसाच्या कुळातील लहान प्राणी राहतात. कळपातील मोठे प्राणी पिलांना प्रथम मेलेले विंचू देतात, मग नांगी काढलेले, आणि पिले वाढली की जिवंत व शाबूत. हे निरीक्षण २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लाँग यांना जे म्हणायचे होते त्यासाठी पुरावा मिळवायला एक शतक लागले. त्यांनी धीर धरला असता, पाहिले तेवढेच सांगितले असते, तर आज त्यांचे नाव वेगळ्या आदराने घेतले गेले असते. मी स्वतः गेली अनेक वर्षे प्रवचने करतो. श्रोते भारावले की एखादी घटना किंचित फुगवून सांगण्याचा मोह कसा होतो, हे मला परक्याकडून ऐकण्याची गरज नाही.

आणि लांडगे? १९१५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने पगारी शिकारी नेमून त्यांचा संहार आरंभला. यलोस्टोनमधील अखेरचे लांडगे १९२६ साली मारले गेले. १९९५ साली कॅनडातून आणलेले लांडगे तेथे पुन्हा सोडण्यात आले. संहारापासून पुनरागमनापर्यंत जनमानस कसे वळले, याचे श्रेय एका पुस्तकाला देणे भाबडेपणाचे होईल. तरीही पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी लोबोची कथा वाचली होती, हेही विसरता येत नाही. ती कथा टिकली याचे कारण तिच्यातील शोक लेखकाच्या स्वतःच्या कृत्याबद्दलचा होता. सापळा त्याने लावला होता. तेवढी साक्ष देण्याचा अधिकार त्याला निश्चित होता.

आपल्या मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी १९८२ साली 'सत्तांतर' लिहिली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाची ही कादंबरी. नवा नर टोळी जिंकतो तेव्हा जुन्याच्या पिलांना मारतो, हे वाचून अंगावर काटा येतो. पण ती क्रूरता कोणा कादंबरीकाराने रचलेली नाही. धारवाडच्या परिसरात सुगियामा या जपानी संशोधकाने आणि पुढे अबूच्या पहाडावर सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने वानरांत हेच नोंदवले होते. माडगूळकर वानरांना नावे देतात, पण माणसाची भाषणे त्यांच्या तोंडी घालीत नाहीत. शीर्षक वाचून माणसांचे राजकारण आठवते, ते वाचकाला. वानरे आपल्या फांदीवरच राहतात. दृष्टान्त आणि साक्ष यांचा असा संगम फार थोड्यांना साधला आहे.

त्या मुलीला आता उत्तर द्यायला हवे. पुढच्या वेळी मी तिला सांगेन: बाळ, लोबोने हाका मारल्या, हे ऐकणारा माणूस तेथे होता. त्याने अन्नाला तोंड लावले नाही, हेही त्या माणसाने पाहिले. त्याच्या मनात काय होते ते मात्र कोणी सांगितले नाही. ते आपण ओळखायचे आहे, आणि ओळखताना आपले चुकू शकते एवढे लक्षात ठेवायचे आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणाऱ्याने जपून बोलावे. खोटी साक्ष दिली, तर ती खोडून काढायला तो बिचारा कधीही येणार नाही.