अर्थशास्त्रज्ञ ते विरोधी पक्षनेता : डॉ. आंबेडकरांची कमी सांगितली जाणारी ओळख

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की आमच्या शाळेतली मुलं भाषणं पाठ करतात. घटनेचे शिल्पकार, चवदार तळं, दीक्षाभूमी हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मागच्या वर्षी दहावीतल्या एका मुलीने आम्हाला विचारलं, "सर, बाबासाहेब नेमकं काय शिकायला परदेशी गेले होते?" वर्गातून उत्तर आलं, "वकिली." ते अर्धंच बरोबर होतं. ते बॅरिस्टर झाले हे खरं, पण त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पुढे मंत्रिपद सोडून ते विरोधी बाकावर बसले, त्यामागेही हा विषय होता. ही माहिती घरोघरी एका जागी असावी, म्हणून हा लेख.

तालीम : कर्ज, करार आणि परत आलेला प्रबंध

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचं. वडील फौजेत सुभेदार होते. १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन ते बी.ए. झाले. १९१३ च्या सुरुवातीला वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता.

१९१५ मध्ये ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे एवढ्या शिकलेल्या माणसाला जातीमुळे राहायला खोली मिळेना. नोकरी सोडून ते मुंबईला आले आणि १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून साठवलेले पैसे, पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

तिथला त्यांचा प्रबंध एकदा परीक्षकांकडून दुरुस्तीसाठी परत आला. त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ ची. नापास झालं की शाळा सोडणाऱ्या आपल्या पोरांना ही गोष्ट मुद्दाम सांगावी.

रुपया, शेती आणि सरकारी खजिना

त्यांची तीन लिखाणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं रुपयाच्या प्रश्नावरचं, १९२३ चं. तेव्हा सरकारने रुपयाचा सोन्याशी भाव बांधून ठेवला होता, पण किती रुपये चलनात आणायचे यावर पक्कं बंधन नव्हतं. आंबेडकरांचं म्हणणं सोपं होतं : चलन हवं तसं वाढवलं तर महागाई वाढते आणि मजुरी करणारा त्यात पिसला जातो. म्हणून सरकारच्या या अधिकाराला लगाम हवा. १९२५ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असे मेसेज मोबाईलवर फिरतात. ते तसंच्या तसं खरं नाही. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये बँक सुरू झाली. आंबेडकर त्या चर्चेतले एक अभ्यासू साक्षीदार होते. खरी गोष्टच पुरेशी मोठी आहे, ती फुगवायची गरज नाही.

दुसरं लिखाण प्रांतांच्या आर्थिक कारभाराचं, १९२५ चं. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, याचा तो अभ्यास आहे.

तिसरा निबंध १९१८ चा, शेतीच्या लहान तुकड्यांवरचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने वाचावा असा तो आहे. तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, त्यामुळे तुकडे जोडा, असं तेव्हाही बोललं जायचं. आंबेडकरांनी विचारलं, शेत लहान की मोठं हे ठरवायचं कशावरून? ते नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या शेतात भांडवल, बैल, अवजारं आणि माणसं किती लागतात, यावर ठरतं. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, हा खरा रोग. त्यांना उद्योगधंद्यात काम मिळालं तरच शेती सुधारेल, असं त्यांचं उत्तर होतं. आपल्याकडे घाटंजी, पांढरकवड्याच्या बाजूला दोन भावांत वाटलेलं कोरडवाहू रान, त्यावर कपाशी आणि बियाण्यापासूनच सुरू होणारी उधारी हे चित्र घराघरात दिसतं. शंभर वर्षांपूर्वीचा तो निबंध अजून जुना झालेला नाही.

सभागृहात विरोधी बाकावर

१९२७ पासून ते मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य होते. त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा एका मुस्लिम जमीनमालकाने मांडवासाठी आपली जागा दिली, हे आपल्या मुलांना माहीत असावं.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत १७ जागा लढवून १४ जिंकल्या. सत्तेत काँग्रेस होती, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे जसे मालगुजार, तसे कोकणात खोत होते. ही खोती रद्द करण्याचं विधेयक आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलं. संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी गिरणी कामगारांचा संप झाला, त्यात डाव्या कामगार नेत्यांबरोबर तेही होते.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचं सुरुवातीचं काम त्याच काळातलं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना १९४२ मध्ये आपल्या नागपुरातच झाली. १९४६ मध्ये ते घटना समितीवर जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने बंगालमधून निवडून गेले.

राजीनामा आणि दोन पराभव

स्वतंत्र भारताचे ते पहिले कायदेमंत्री. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडलं हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात आणखी एक खंत होती. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला नियोजनाचं खातं दिलं नाही आणि मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीतूनही सुरुवातीला वगळलं, हे त्यांनी स्पष्ट मांडलं.

१९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. ज्यांनी देशाला मताचा हक्क लिहून दिला, त्यांना त्याच मताने दोनदा नाकारलं. त्यांनी निकाल पचवला आणि राज्यसभेत बसून सरकारला प्रश्न विचारत राहिले. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली. त्यात विदर्भ पूर्व महाराष्ट्रात येत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत निधन. १९९० मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

आपल्यासाठी काय?

त्यांची सगळीच मतं आपल्याला पटतील असं नाही. १९४० च्या पाकिस्तानवरच्या पुस्तकात मुस्लिम समाजावर कडक टीका आहे. ती लपवू नये, वाचावी आणि तिच्यावर बोलावं. मोठ्या माणसाचा आदर वाचूनच होतो.

त्या दहावीतल्या मुलीला आता कॉमर्सला जायचं आहे. घरातून म्हणतात, "हिशेब शिकून पोरगी काय करणार?" आम्ही तिच्या अब्बांना हीच कहाणी सांगितली. ज्या घरात उधारीची वही असते, त्या घरातल्या एका तरी लेकराला ती वही वाचता आली पाहिजे. ते अजून विचार करतायत. प्रवेशाची तारीख जवळ आली की आम्ही पुन्हा जाणार आहोत.