मनोती, दंड आणि निघून जाण्याचा हक्क

बँकेने चालू खात्यावर नवे शुल्क बसविले, की लोणावळ्याच्या बाजारपेठेतला दुकानदार प्रथम कुरकुरतो, मग शाखेत जाऊन विचारणा करतो, आणि उत्तराने समाधान झाले नाही तर चार दुकाने पलीकडच्या बँकेत दुसरे खाते उघडतो. जुने खाते काही महिने नावापुरते राहते व पुढे बंद होते. या घटनेत इतिहासाने दखल घ्यावी असे काही आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. आम्हांस मात्र वाटते, की ज्या प्रदेशात ती घडते त्या मावळच्या गेल्या चारशे वर्षांकडे पाहिले तर ही किरकोळ कृती एका दीर्घ कथेचा शेवटचा तुकडा ठरते. ती कथा पैशाची कमी आणि निघून जाण्याच्या हक्काची अधिक आहे. आपल्याला न परवडणारा व्यवहार सोडून जाण्याची मुभा कोणाला होती, ती कोणाकडून गेली, कोणाला परत मिळाली आणि कोणाला अद्याप मिळालेली नाही, हा तिचा विषय.

आरंभ भाषेपासून करू. पैशाच्या सेवेबद्दल घेतल्या जाणाऱ्या मोबदल्यासाठी जुन्या मराठीत नेमके शब्द होते. हुंडी वटविण्याबद्दल हुंडणावळ. एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या मुलखात चालविताना सराफ कापून घेई तो बट्टा. कर्ज देण्याबद्दल सावकार वरकड रक्कम घेई ती मनोती. यांतील हुंडणावळ हा शब्द घडणावळ, शिवणावळ, धुणावळ यांच्या पंक्तीतला आहे. कोणीतरी काही घडविले, शिवले, धुतले, त्याची मजुरी, असा त्या प्रत्ययाचा अर्थ. मनोतीची जात वेगळी. तीत श्रम नाहीत, गरजवंताच्या गरजेची किंमत आहे. आज बँकेच्या पत्रकात ‘शुल्क’ या एकाच शब्दाखाली जे येते, त्यात कधी हुंडणावळ असते, तर कधी मनोती. आणि किमान शिल्लक न राखल्याबद्दल जे कापले जाते त्याला तर आपण सरळ ‘दंड’च म्हणतो. लोकांच्या रागाचे मूळ या भेदात आहे. मजुरी देण्यास सहसा कोणी नाकारत नाही. दंडासाठी अपराध लागतो, आणि खात्यात पैसे कमी असणे हा अपराध कसा, हे कोणालाच पटत नाही.

आता मावळाकडे. पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. सतराव्या शतकात या खोऱ्यांत जमीन मुबलक आणि माणूस दुर्मीळ होता. युद्ध, दुष्काळ किंवा सक्तीची वसुली यांपैकी काहीही अती झाले, की कुणबी गाव सोडून परागंदा होई. ओसाड गावातून राज्याला काहीच मिळत नसे. म्हणून शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत, आणि पुढे शिवकाळात व पेशवाईतही, रयतेला परत आणण्यासाठी कौल दिला जाई. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल चढत जाणारा इस्तावा, असे त्याचे स्वरूप असे. कौल म्हणजे निव्वळ दया नव्हे. समोरचा माणूस निघून जाऊ शकतो याची ती सत्तेने दिलेली कबुली होती. परागंदा होणे सुखाचे नव्हते. घर, देव, शेजार सारेच मागे राहत असे. तरीही ती शक्यता जिवंत होती, आणि तिच्यामुळे वसुलीला काही मर्यादा पडत.

ही मर्यादा इंग्रजी अमलात हळूहळू सुटली. प्रिंगल याने १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात केलेली आकारणी इतकी जड ठरली, की अनेक रयतांनी जमिनी टाकल्या. तेव्हा १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून तीस वर्षांच्या मुदतीची नवी, हलकी आकारणी सुरू केली. निघून जाण्याने सरकार वाकले, असे हे बहुधा शेवटचे मोठे उदाहरण. कारण याच व्यवस्थेने जमीन विकण्यायोग्य व गहाण ठेवण्यायोग्य केली, सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याने मागितला, आणि त्या रोखीसाठी शेतकरी सावकाराच्या ओसरीवर गेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. तो मोडीत, त्याच्या कारकुनाच्या हातचा, आणि खाली शेतकऱ्याची फक्त निशाणी. वहीत काय लिहिले आहे हे ज्याचे खाते त्यालाच ठाऊक नसे. गाव सोडावे तर जमीन जाते, जमीन धरून राहावे तर व्याज वाढते. दोन्ही वाटा एकाच दारात येऊन संपत.

अशा वेळी माणसे काय करतात? १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे या गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची जमीन कसायची नाही, त्यांच्या घरी चाकरी करायची नाही, न्हाव्याने आणि परटानेही त्यांचे काम करायचे नाही, असा तो निर्धार होता आणि तो आसपासच्या गावांत पसरला. व्यवहार दुसरीकडे नेण्याचा हा सामुदायिक प्रयत्नच म्हणायचा. परंतु बहिष्काराने पुढचा व्यवहार थांबतो, मागचा रोखा जिवंतच राहतो. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला, तेव्हा लोकांनी मुख्यतः मागितले ते रोखे व वह्या, आणि जाळलेही तेच. सावकारांच्या जिवावर क्वचितच कोणी उठले. ज्या खात्यातून बाहेर पडता येत नाही ते खातेच नाहीसे करावे, हा त्या जाळपोळीचा अर्थ. दंग्यांचा भर भीमथडी, इंदापूर, शिरूर अशा पूर्वेकडील कोरडवाहू भागावर होता. भातपिकाचे पावसाळी मावळ त्याच्या केंद्रस्थानी नव्हते. पण त्यातून निघालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारही जिल्ह्यांना, म्हणून मावळालाही, लागू झाला.

या कायद्याची चर्चा बहुधा दामदुपटीच्या आणि रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याच्या कलमांपुरती होते. आम्हांस त्यातील एक लहान तरतूद अधिक बोलकी वाटते. दिलेल्या पैशाची लेखी पावती, दरसाल हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास खात्याचे पासबुक मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, असे हा कायदा सांगतो. आज पासबुक ही बँकेने सहज हाती दिलेली चोपडी वाटते. दख्खनेत ती जळालेल्या वह्यांच्या राखेतून आलेली आहे. आपण किती देणे लागतो हे कळल्याशिवाय कोणालाही निघून जाता येत नाही. हिशेब दिसणे ही बाहेर पडण्याची पहिली पायरी असते.

तरी पायरी म्हणजे दरवाजा नव्हे. मुळशी मावळात हे विशेष स्पष्ट झाले. मुळा-निळा खोऱ्यातील पुष्कळशी जमीन कर्जापोटी पुण्याच्या सावकारांकडे गेली होती, आणि पूर्वीचे मालक त्याच जमिनीवर कुळे म्हणून राबत होते. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो चालू असतानाच एक भेग पडली. मालकाचा कल मोबदला घेऊन मोकळे होण्याकडे झुकला. कुळाला मोकळे होण्यासारखे काहीच नव्हते. जो व्यवहार सोडून जाऊ शकत होता त्याच्यासाठी धरण हा भावाचा प्रश्न होता. जो सोडू शकत नव्हता त्याच्यासाठी तो अस्तित्वाचा होता. मुळशीचा पराभव आपण सरकार आणि कंपनी यांच्या बळाने समजावून घेतो, आणि ते बरोबरच आहे. पण सावकारी खात्याने ही भेग आधीच पाडून ठेवली होती, हेही विसरता येत नाही.

दुसरा दरवाजा मुख्यतः संस्थांनी उघडला. १८८२ मध्ये टपाल खात्याची बचत बँक आली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने गावातच पत उभी करण्याची सोय केली. पुढे पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि तिच्याशी जोडलेल्या गावोगावच्या सोसायट्या आल्या. पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी १९३५ मध्ये झाली आणि १९३६ च्या फेब्रुवारीत तिचा कारभार सुरू झाला. १९६९ मध्ये ती राष्ट्रीयीकृत बँकांत गेली. ‘पत’ हा शब्द या काळात बदलला. पूर्वी ती सावकाराच्या नजरेत असे. आता ती सभासदत्वात, पगारपत्रकात, पासबुकात दिसू लागली. रेल्वेमुळे, पुढे गिरिस्थान म्हणून, आणि अखेर चिक्की व बंगले यांमुळे वाढलेल्या लोणावळ्यात एकाहून अधिक बँका शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, आणि ग्राहकाला प्रथमच तुलना करता आली.

या पार्श्वभूमीवर अलीकडचा एक प्रसंग पाहू. एप्रिल २०१७ पासून भारतीय स्टेट बँकेने बचत खात्यांवर किमान सरासरी शिल्लक न राखल्याबद्दल पुन्हा दंड सुरू केला. महानगरांत ५,००० रुपये आणि ग्रामीण शाखांत १,००० रुपये अशी मर्यादा होती. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडापोटी सुमारे १,७७१ कोटी रुपये जमा झाले. बँकेच्या त्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या निव्वळ नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार एप्रिल २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात या दंडाच्या तरतुदीमुळे ४१ लाखांहून अधिक बचत खाती बंद झाली. दंड आधी कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये सर्वच बचत खात्यांवरून उठला. २०२५ मध्ये इतर अनेक सरकारी बँकांनीही तोच मार्ग धरला. परागंदा आणि कौल यांचे जुने नाते इथे पुन्हा दिसते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो पुरता खोटा नाही, पण पुरता खराही नाही. त्या ४१ लाखांत दुसऱ्या बँकेत गेलेले किती आणि बँकव्यवहारातूनच बाहेर फेकले गेलेले किती, हे तो आकडा सांगत नाही. निघून जाणे आणि घालवले जाणे यांची नोंद खतावणीत एकाच शब्दाने होते: ‘बंद’.

आणि ज्यांना जाताच येत नाही ते या आकड्यात मुळीच नाहीत. अंदर मावळातल्या शेतकऱ्याचे पीककर्ज सोसायटीमार्फत येते, म्हणून त्याचे खाते जिल्हा बँकेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर अवघ्या काही दिवसांत जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली, तेव्हा असा शेतकरी शेजारच्या बँकेत सहज जाऊ शकला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा झाले, आणि त्यांतून जुने दंड कापले गेल्याच्या तक्रारी आल्या. तसे करू नये, असे शासनाला बँकांना सांगावे लागले. ज्या खात्यात अनुदान येते ते आधारशी जोडलेले असते, आणि ते बदलायचे तर पुन्हा कागद, पुन्हा फेऱ्या, बुडालेली मजुरी. लोणावळ्याच्या दुकानदारालाही सर्व वाटा मोकळ्या आहेत असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकाने कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट घेतलेल्या ग्राहकाला अन्यत्र चालू खाते उघडण्यावर निर्बंध घातले. कर्जाचे पैसे अन्यत्र वळवले जाऊ नयेत हा त्यामागील हेतू रास्त होता, आणि लहान कर्जदारांना पुढच्याच वर्षी मोकळीक मिळाली. तरी सूत्र ओळखीचे आहे: ज्याच्यावर कर्ज, त्याचे पाय बांधलेले.

जाण्याच्या हक्काला दुसरी बाजूही आहे. मोठ्या बँकेची शुल्के नकोत, ओळखीची माणसे हवीत, म्हणून सहकारी बँकेकडे वळणारे पुष्कळ असतात. पुण्याच्या, १९१२ साली स्थापन झालेल्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. मधली नऊ वर्षे ठेवीदार आपल्याच पैशाची वाट पाहत होते. दार आहे एवढे पुरत नाही; ते गरजेच्या दिवशी उघडावे लागते.

मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात २०११ मध्ये आली. ब्रिटनमध्ये २०१३ पासून चालू खाते सात कामकाजी दिवसांत, सर्व नियमित देण्याघेण्यांसह, दुसऱ्या बँकेत नेता येते. आपल्याकडेही खाते क्रमांक बरोबर नेता यावा, अशी कल्पना रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर मुंद्रा यांनी २०१७ मध्ये मांडली. ती अमलात आलेली नाही. ती केवळ तांत्रिक सोय आहे असे आम्हांस वाटत नाही. १८७९ च्या कायद्याने हिशेब पाहण्याचा हक्क दिला. हिशेब उचलून नेण्याचा हक्क हे त्याचे राहिलेले अर्धे आहे.

महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचताना आपण सावकार आणि भटकारकून यांवरील प्रहार शिकवतो. त्यासोबत कर्डे गावचा बहिष्कार आणि पासबुकाचे ते कलमही शिकवावे, असे सुचवावेसे वाटते. म्हणजे विद्यार्थ्याच्या लक्षात येईल, की बाजारपेठेतला दुकानदार कुरकुरत का होईना, पण चार दुकाने पुढे जाऊ शकतो, यामागे किती वह्या जळाल्या आहेत; आणि त्याच तालुक्यातला, सोसायटीच्या पायरीवर बसलेला शेतकरी तितके अंतर अजून का चालू शकत नाही.