वाघाची खबर

सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याला लागलं की आधी गोळेगाव, मग अजिंठा गाव आणि घाट उतरल्यावर फर्दापूर. लेण्यांच्या दरीतून वाहणाऱ्या नदीचं नाव वाघूर. या दरीत २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी आला होता. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेण्यांचा 'शोध' त्याच्या नावावर लागला. लेण्याची वाट दाखवणारा एक स्थानिक गुराखी पोरगा होता असं सांगतात. त्याचं नाव कुठंच नाही.

या प्रसंगाकडे मी गेली काही वर्षं वेगळ्या बाजूनं पाहतो आहे. परक्या मुलखात आलेला शिकारी गावकऱ्यांच्या सांगण्यावाचून दरीत उतरत नसतो. वाघ कुठं पाणी पितो, कुठल्या ओघळीत बसतो, हे गुराख्यालाच ठाऊक असतं. म्हणजे लेण्यांच्या त्या प्रसिद्ध 'शोधा'च्या मुळाशीही गावातल्या कुणाची तरी खबर असणार, असा माझा तर्क आहे.

'खबर' हा शब्द साहेबांनी तसाच उचलला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तो आहे आणि त्याचा खास अर्थ दिला आहे तो शिकारीच्या जनावराची बातमी असा. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा औट्रम घाट ज्याच्या नावानं ओळखला जातो, त्या जेम्स औट्रमनं १८२५ पासून धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. खानदेशातल्या दहाएक वर्षांत त्यानं नि त्याच्या सोबत्यांनी मारलेल्या वाघांचा आकडा दोनशेच्या आसपास जातो. इतके वाघ खबरीवाचून सापडत नाहीत. त्या काळी खबर आणणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नसे, कारण खबर खरी निघणं ही ऐकणाऱ्याचीच गरज होती.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प. दोन्ही आवश्यकच होते. पण त्याबरोबर खबरीचं रूप पालटलं. ती आता अर्ज झाली. अर्ज म्हटला की पंचनामा आला, भरपाई आली, जबाबदारी आली. खबर खरी निघू नये असं वाटणारा माणूस पहिल्यांदाच टेबलापलीकडे बसला. खोट्या आवया उठतात, कुत्र्यांनी फाडलेलं जनावर बिबट्याच्या नावावर खपवलं जातं, हेही खरं आहे. तरी एक गोष्ट मी घरातच पाहिली आहे.

आमचं शेत डोंगराच्या पायथ्याला. एका वर्षी मका पुरुषभर वाढलेला असताना गोठ्यालगतची कालवड गेली. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा होत्या, मातीत नखं न उमटलेला पंजा होता. वडिलांनी अर्ज दिला : 'वाघाने कालवड मारली.' काही महिन्यांनी उत्तर आलं. या भागात वाघाचं अस्तित्व नसल्यानं अर्ज फेटाळला होता.

वडील खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे वाघ म्हणजे बिबट्याही. पट्ट्यांचा असेल तर त्याला 'ढाण्या' म्हणायचं. हा फरक अर्ज वाचणाऱ्याला कळला नाही, किंवा त्यानं तो कळून घेतला नाही. कालवडीच्या पैशांचं दुःख वडिलांनी गिळलं. लबाड ठरल्याचं मात्र अखेरपर्यंत गिळता आलं नाही. पुढं गोऱ्हा गेला तेव्हा त्यांनी कुणाला कळवलंच नाही. अशी न दिलेली प्रत्येक खबर म्हणजे कागदावर 'इथं काही नाही' याला आणखी एक दुजोरा.

तेव्हापासून मी वही ठेवतो. मी शिकलेला संशोधक नाही, पण विचारायचं कसं हे हळूहळू उमगलं. 'काय पाहिलंत?' असं विचारलं की 'वाघ' एवढंच उत्तर येतं. म्हणून मी विचारतो, शेपूट केवढी होती? पाठ मागं उतरती होती का? मानेवर आयाळ होती का? उतरती पाठ आणि आयाळ म्हणजे तरस. पंजात नखं उमटली असतील तर कुत्रा किंवा तरस. एवढं चाळूनही वहीत बिबट्या उरतोच.

अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले आणि जवळपास तेवढीच तरसं. तेही जंगलात नव्हे, भर वस्तीच्या मुलखात. 'वाघ' म्हणणारा शेतकरी आणि 'तरस असेल' म्हणणारा शेजारी, दोघंही खरे असू शकतात.

मग मार्च २०२१ मध्ये आमच्याच डोंगररांगेतल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात पट्टेदार वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. १९४० नंतर प्रथमच, असं बातम्यांत छापून आलं. मला वडिलांच्या अर्जावरचं उत्तर आठवलं. 'अस्तित्व नाही' हा शब्द किती जपून वापरायला हवा!

आज प्रश्न भरपाईपुरता नाही. कृषिपंपाची वीज आळीपाळीनं रात्रीची येते तेव्हा मक्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन एकटाच बांधावर जातो. दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणूनच बिबट्याच्या मुलखात जिवाची मागणी आहे. तिथं खबर खोटी धरण्याची किंमत कालवडीवर थांबत नाही.

अकोल्याकडचे महादेव कोळी वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस करतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. त्यांनी शेजार मान्य केला आहे. आमच्याकडे ती रीत नाही. माझ्याकडे वही आहे. तिच्या पहिल्या पानावर वडिलांचा फेटाळलेला अर्ज चिकटवलेला आहे आणि त्याखाली मी एवढंच लिहिलं आहे : 'खबर खरी होती.'