नाशिकचे शरणपूर आणि मोंबासाचे चर्च

आम्हां पेडणे-डिचोलीकरांना चर्च म्हटले की रोमन कॅथलिक चर्चच आठवते. गोव्याचे आफ्रिकेशी असलेले धार्मिक नातेही जुने. १६१२ पर्यंत मोझांबिक गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होते. परंतु पूर्व आफ्रिकेतील अँग्लिकन चर्चचे एक मूळ नाशिकच्या मातीत आहे, याची जाण आपल्याकडे क्वचितच आढळते.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली नाशिकजवळ शरणपूर ही वसाहत स्थापिली. इंग्रज आरमाराने गुलामवाहू गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात. त्यांपैकी अनेकांची रवानगी शरणपुरास होई. तेथे अक्षरओळखीबरोबरच सुतारकाम, लोहारकामही शिकविले जाई. १८७३ साली लिव्हिंग्स्टन निवर्तले, तेव्हा तेथील झाडावर स्मृतिलेख कोरणारा आणि पुढील वर्षी त्यांच्या शवपेटीसोबत लंडनला जाणारा जेकब वेनराइट याच शाळेचा विद्यार्थी.

१८७३ मध्येच झांजिबारच्या सुलतानाशी करार होऊन तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. मुक्त झालेल्यांसाठी प्राइस यांनी १८७५ साली मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसविले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे ते नाव. शरणपूरची मंडळी तेथे शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक म्हणून गेली आणि 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे वेतन व मानमरातब यांवरून खटके उडत. आमची हयात सरकारी दप्तरांत गेली. काम एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे असला की काय होते, ते आम्हांस निराळे सांगावयास नको.

अँग्लिकन व्यवस्थेत पोप नाही. धर्मप्रांताचा प्रमुख बिशप, आणि दीक्षेचा अधिकार त्याचाच. तेथील पहिले बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी १८८५ साली विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर या दोघां शरणपूरकरांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर, बुसोगा मुलखात, हॅनिंग्टन मारले गेले. मोहिमेतील वाचलेल्या माणसांना किनाऱ्यापर्यंत परत आणले ते जोन्सनेच. एवढे करूनही बिशपपद आफ्रिकी माणसाच्या वाट्यास यावयास दीर्घ काळ लोटला.

१९६० साली पूर्व आफ्रिकेचा स्वतंत्र प्रांत झाला. १९७० मध्ये त्यातून केनिया वेगळा निघाला आणि फेस्टो ओलांग हे त्याचे पहिले आर्चबिशप झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिकचे अँग्लिकन चर्च चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीन झाले. शरणपूर हे नाव मात्र नाशिककरांच्या तोंडी अद्याप आहे.