भंगारातून निघालेली शिष्यवृत्ती

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन परदेशी शिकायला जाणारी मुलं आता आपल्या नात्यागोत्यातही दिसू लागली आहेत. फुलब्राइट, चेव्हनिंग, युनोतली इंटर्नशिप... लग्नकार्यात जेवताना हे शब्द कानावर पडतात. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की या सगळ्याला पैसा कोण देतो आणि का देतो?

मुळात हा विषयच युद्धातून जन्मला. १९१९ साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ इथे त्याचं पहिलं अध्यासन सुरू झालं. महायुद्धातला संहार पाहिलेल्या डेव्हिड डेव्हिस नावाच्या खासदाराने आपल्या दोन बहिणींसह त्याला देणगी दिली. घराणं कोळशाच्या खाणींवर श्रीमंत झालेलं. पुन्हा युद्ध नको, तर राष्ट्रांनी एकमेकांना समजून घ्यायला हवं, ही त्यामागची तळमळ.

पुन्हा युद्ध झालंच. ते संपलं तेव्हा अमेरिकेचे ट्रक, यंत्रं, कपडे, धान्य असा प्रचंड माल देशोदेशी पडून होता. तो परत नेणं परवडणारं नव्हतं, आणि विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. आर्कान्सासचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी साधी युक्ती काढली. त्या त्या देशाने आपल्याच चलनात पैसे द्यावेत आणि त्यातून विद्यार्थी व प्राध्यापकांची देवाणघेवाण व्हावी. १ ऑगस्ट १९४६ रोजी ट्रुमन यांनी या कायद्यावर सही केली. फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले. ती शिष्यवृत्ती उभी राहिली दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या पैशावर. म्हणजे बघा, धुतल्या तांदळासारखा पैसा कुठेच नाही!

भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक होऊन आठवडा झाला होता. पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी त्यावर सह्या केल्या. पुढे यात आपला गहूही आला. माझ्या वयाच्या मंडळींना रेशनवरचा पीएल ४८० चा गहू आठवत असेल. त्याची किंमत आपलं सरकार रुपयांत भरत असे. ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर इथेच साठत, आणि त्यातलाही काही भाग या देवाणघेवाणीकडे वळला. नाकं मुरडत आम्ही ज्या पोळ्या खाल्ल्या, त्यांच्या पैशातून कुणीतरी शिकत होतं, हे आम्हाला कुठे माहीत!

हा रस्ता एकाच दिशेचा नव्हता. गेल ऑम्व्हेट फुलब्राइटवरच १९६३ साली इंग्रजी शिकवायला पहिल्यांदा भारतात आल्या. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावी संसार थाटला आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं. २०२१ मध्ये त्या गेल्या. कुठल्या मुत्सद्द्याने आखून असं माणूस घडत नसतं.

२००८ मध्ये नवा करार झाला आणि भारत खर्चात बरोबरीचा भागीदार झाला. म्हणून आता या शिष्यवृत्तीचं नाव फुलब्राइट-नेहरू. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपला वाटा आपण उचलला की मान ताठ ठेवून जाता येतं. पण सरकारी पैसा म्हटला की राजकारण आलंच. जून २०२५ मध्ये निवडीत हस्तक्षेप होत असल्याचा आरोप करत अमेरिकेतल्या फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सगळ्याच सदस्यांनी राजीनामे दिले.

इंटर्नशिपचं मात्र वेगळंच. २०१५ साली जिनिव्हात युनोत बिनपगारी काम करणारा न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा मुलगा तंबूत राहतो आहे, अशी बातमी जगभर गाजली. लोकांचं लक्ष वेधायला आपण ते मुद्दाम केलं, असं त्याने मागाहून सांगितलं. पण प्रश्न खोटा नव्हता. जिनिव्हातलं घरभाडं ज्याला झेपतं, त्यालाच जगाच्या कारभाराचा अनुभव! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये इंटर्नना भत्ता सुरू केला. बाकीच्यांनीही करायला हवा. शेतकऱ्याची किंवा शिपायाची हुशार पोर तिथे पोचली नाही, तर जगाचे प्रश्न फक्त सुखवस्तू घरातली मुलंच सोडवत बसणार. त्यांना रेशनच्या रांगेतलं काय कळणार?

असो. अर्ज भरणाऱ्या घरच्या मुलांना एवढंच सांगतो. शिष्यवृत्ती मिळाली तर खुशाल जा, पैसा कुणाचा याचा संकोच धरू नका. पण तो कुठून आला ते एकदा वाचून घ्या. आणि बिनपगारी जागा असेल, तर आई-बाबांना कर्ज काढायला लावण्याआधी भत्ता देणारी जागा शोधा. अशा जागा आहेत.