जॉर्जची गाडी

आमचे आबाकाका मुंबईत टॅक्सी चालवायचे. गाडी शेठची, पाळी रात्रीची. मे महिन्यात कुडाळकडच्या आमच्या गावी आले की आमच्याएवढ्या पोरांना मुंबईच्या गोष्टी सांगायचे, आणि त्या फिरून फिरून एकाच माणसावर यायच्या. जॉर्ज फर्नांडिस.

जॉर्ज मूळचे मंगळूरचे. १९४९ च्या सुमारास मुंबईत आले तेव्हा चौपाटीच्या बाकावर झोपत. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली ते तयार झाले. मग पालिकेचे कामगार, हॉटेलातली पोरं, टॅक्सीवाले यांच्या युनियन त्यांनी बांधल्या. १९६१ मध्ये नगरसेवक झाले. काका म्हणायचे, पोलिसाने गाडी अडकवली तर रात्री दोन वाजतासुद्धा युनियनचा माणूस चौकीवर हजर असे. टॅक्सीवाल्याला आणखी काय पाहिजे?

१९६७ च्या निवडणुकीत जॉर्ज दक्षिण मुंबईत स. का. पाटलांच्या विरोधात उभे राहिले. पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त राजे, त्यात केंद्रात रेल्वेमंत्री. जॉर्जच्या प्रचाराचा सगळा भर एवढ्यावरच होता की पाटील पडू शकतात. आमच्या गावात पंचाईत अशी की पाटीलही कोकणातलेच. आजोबांनी काकांना विचारलं, गावाकडच्या माणसाला पाडतोस? काका म्हणाले, "पाटील आपल्या गावाकडचो, पण जॉर्ज आमच्या अड्ड्यावरचो." पाटील पडले. लोकांनी जॉर्जना 'जायंट किलर' हे नाव दिलं.

पण १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत त्याच मुंबईने जॉर्जना पाडलं. हे काका कधी आपण होऊन सांगत नसत. संप करायला जी माणसं लागतात ती सगळी मतदार याद्यांत एका ठिकाणी नसतात, हे मला पुढे कळलं.

मग जॉर्ज रेल्वे कामगारांचे पुढारी झाले. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वे थांबली. जॉर्जना त्याआधीच लखनौला पकडलं होतं. हजारो लोक तुरुंगात गेले, कित्येकांची नोकरी गेली, आणि २७ मेला संप मागे घ्यावा लागला. पुढे आणीबाणीत ते भूमिगत राहिले आणि १९७६ मध्ये सापडले. १९७७ ला तुरुंगात असतानाच ते बिहारच्या मुजफ्फरपूरमधून तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. बेड्या घातलेल्या हाताचा त्यांचा फोटो तेव्हा सगळीकडे गेला. संपात काढलेल्या रेल्वेवाल्यांना कामावर परत घेतलं ते रेल्वेमंत्री मधू दंडवत्यांनी, म्हणजे आमच्याच राजापूर मतदारसंघाच्या खासदारांनी.

काकांना आनंद झाला, पण थोडं लागलंही. "आता तो बिहारचो," म्हणाले. खरंच, जॉर्ज पुन्हा मुंबईतून लोकसभेवर गेले नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी लोकसभेत मोरारजींच्या सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगेच राजीनामा दिला. काका त्यावर गप्प राहिले. मला विचाराल तर त्यांचं ते वागणं मला आजही पटत नाही.

१९८९ ला जॉर्ज रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. रेल्वे थांबवणारा माणूस आता रेल्वे काढायला बसला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं. मोजणीवाले आमच्याही दारात आले. आमचा खालचा कुणगा, घरातला सगळ्यात चांगला, रुळाखाली जाणार होता. आजी भडकली. "मेल्या, आता भात काय रुळार लावतलंस?" काका तोवर टॅक्सी सोडून गावी आले होते. सही त्यांनीच केली. आजीशी त्यांचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं.

२६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला. त्यानंतर महिन्याभरात काका पहिल्यांदा त्या गाडीने मुंबईला निघाले. कुणगा बघायचा म्हणून खिडकी धरून बसले होते. पण गाडीने वेग घेतला होता, आणि मी बोट दाखवेपर्यंत तो मागे गेला होता.